मातीची भूक

चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पालापाचोळा कुजवणे, हवेतील नत्र धरून ठेवणे, मातीचे कण जोडणे ही कामे ते आणि बुरशी करतात. पोत्यातला युरियादेखील पिकाला बहुतांशी त्यांच्याच हातून मिळतो. युरियाचा आधी अमोनिया होतो, मग जिवाणूंचे दोन गट त्याचे नायट्राइट व नायट्रेट बनवतात.

मग रासायनिक खत या सूक्ष्मजीवांना मारते का? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून एकाच शेतात खरिपात ज्वारी व रब्बीत गहू घेऊन या प्रश्नाचा शोध घेतला गेला. काही वाफ्यांना नुसते नत्र, काहींना नत्र, स्फुरद व पालाश, तर काहींना त्यांच्या जोडीला शेणखत दिले गेले. अशा मातीची सजीवता तपासण्याची एक पद्धत मोठी रंजक आहे. मातीत एक रंगहीन क्षार मिसळून ठेवतात. जिवंत जिवाणूंच्या विकरामुळे तो लाल होतो. लाली जितकी गडद, तितकी माती जागती!

खताबरोबर शेणखत मिळालेली माती सर्वांत सक्रिय ठरली. नुसत्या नत्राची माती संतुलित खताच्या मातीहून मागे पडली. मात्र काहीच न दिलेली माती त्याहूनही निस्तेज होती. कारण सरळ आहे. खताने पीक वाढते, मुळे वाढतात आणि मुळांचे अवशेष हेच सूक्ष्मजीवांचे अन्न. नुसत्या नत्राने त्यांना सेंद्रिय कर्ब मिळत नाही.

अकोल्याच्या काळ्या मातीत चुना असल्याने ती पुष्कळ सोसते. बंगळुरू-म्हैसूर भागातील तांबड्या जमिनींचे तसे नाही. बंगळुरूला नाचणी व मक्यावरील अशाच दीर्घ प्रयोगात नुसत्या नत्राने जमीन आम्लधर्मी होत गेली आणि उत्पादन ढासळले. युरियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते, त्याचा हा परिणाम.

तणनाशकांविषयी सरसकट निर्णय देणे योग्य नाही. ग्लायफोसेट वनस्पतींमधील जी प्रक्रिया रोखते, ती प्राण्यांत नसते; पण अनेक जिवाणूंत व बुरशींत असते. उलट काही जिवाणू हेच रसायन खाऊन पचवतात. शिफारशीच्या मात्रेत फवारल्यास मातीची सक्रियता काही आठवडे मंदावून बहुधा पूर्ववत होते. मात्रा वाढवली, फवारणी वारंवार केली, तर ही उसंत मिळत नाही. मेलेले तण जाळणे तर दुहेरी नुकसानीचे, कारण तेच कुजून जिवाणूंचे अन्न होणार असते.

प्रयोगशाळेवाचूनही एक तपासणी करता येते. सोयाबीन फुलावर आले की एक रोप मुळांसकट हलकेच उपटावे आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी गाठ म्हणजे नत्र धरणारे जिवाणू कामाला लागलेले आहेत. युरिया जास्त झालेल्या शेतात अशा गाठी थोड्याच सापडतात; आयते नत्र मिळाल्यावर रोप जिवाणूंना आश्रय देत नाही.