महसीर, गळ आणि वाटाड्या : मार्गदर्शित क्रीडा-मासेमारी व मत्स्यसंवर्धन यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन

बीजसंज्ञा : क्रीडा-मासेमारी, महसीर, स्थानिक मार्गदर्शक, पकडा-सोडा पद्धत, मत्स्यबीज संचयन, गोदावरी-मांजरा खोरे

प्रस्तावना :

केवळ मासा पकडून तो पुन्हा पाण्यात सोडण्यासाठी माणूस दूरवरचा प्रवास करून नदीकाठी येतो, आणि त्यासाठी स्थानिक नावाड्याला चांगली मजुरी देतो, ही गोष्ट मराठवाड्यातील वाचकास प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे मासेमारी म्हणजे भोई समाजाचा उदरनिर्वाह, सहकारी संस्थेकडे असलेला तलाव आणि आठवडी बाजारातील विक्री, असेच समीकरण आहे. तथापि जगाच्या अनेक भागांत मासेमारीचे दुसरे रूपही रुजलेले आहे. त्यात मोठा मासा गळाला लावणे हा छंद असतो, पाण्याची जाण असलेला स्थानिक माणूस वाटाड्या असतो आणि पकडलेला मासा बहुधा जिवंत सोडला जातो. भारतात या प्रकाराचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण म्हणजे कावेरी नदीवरील महसीर मासेमारी होय. या उदाहरणाचा एक धागा महाराष्ट्रातील लोणावळ्याशी जोडलेला आहे. कावेरीच्या अनुभवातून नांदेड व लातूर जिल्ह्यांनी कोणता बोध घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. मार्गदर्शित क्रीडा-मासेमारीची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
२. महसीर माशाच्या संदर्भात महाराष्ट्राच्या योगदानाचा आढावा घेणे.
३. कावेरीतील अनुभवाच्या यशापयशाची चिकित्सा करणे.
४. गोदावरी व मांजरा खोऱ्यांच्या दृष्टीने निष्कर्ष मांडणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :

जाळ्याने केलेली मासेमारी ही संख्येची असते, तर गळाने केलेली क्रीडा-मासेमारी ही एका माशाची असते. गळ टाकणाऱ्याला किती मासे मिळाले यापेक्षा केवढा मासा मिळाला याला महत्त्व असते. असा मोठा मासा वर्षानुवर्षे जगून वाढलेला असतो व तो कोठेही सापडत नाही. कोणत्या डोहात खडक आहेत, पाणी कोठे वळते, कोणत्या वेळी मासा उथळ पाण्यात येतो, हे बाहेरून आलेल्या माणसास ठाऊक नसते. म्हणून वाटाड्या हा या व्यवसायाचा कणा ठरतो. होडी वल्हवणे, आमिष तयार करणे, प्रवाहाचा अंदाज घेणे आणि गळाला लागलेला मासा इजा न होता सोडणे ही सारी कामे त्याच्याकडे असतात.

मासा सोडून देण्याचेही एक शास्त्र आहे. उलटा काटा नसलेला गळ वापरला तर तो माशाच्या तोंडातून सहज निघतो. मासा ओल्या हातांनी धरला तर त्याच्या अंगावरील संरक्षक चिकट थर टिकतो. पाण्याबाहेरचा वेळ शक्य तितका कमी ठेवला आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, तर तो सावरून पोहू लागतो. उन्हाळ्यात पाणी तापल्यावर त्यातील प्राणवायू कमी होतो. अशा वेळी दमलेला मासा सोडल्यानंतरही दगावण्याची शक्यता वाढते. सारांश, ‘पकडा आणि सोडा’ ही केवळ सदिच्छा नसून त्यासाठी प्रशिक्षित हात लागतात.

या व्यवस्थेचे अर्थशास्त्र साधे आहे. बाजारात मासा एकदाच विकला जातो. जिवंत सोडलेला मोठा मासा मात्र त्याच डोहात अनेक वर्षे पाहुणे आणू शकतो. त्यामुळे ज्याच्या हाती वल्हे आहे, त्याचा स्वार्थ मासा जगण्यात गुंततो.

महसीर आणि महाराष्ट्र :

महसीर हा गोड्या पाण्यातील मोठ्या खवल्यांचा, वेगवान प्रवाहात राहणारा मासा आहे. दख्खनमधील महसीरचे शास्त्रीय वर्णन प्रथम विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केले. त्याला हा मासा पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळाला होता. साईक्सने दख्खनच्या अनेक माशांना स्थानिक बोलीतील नावेच लॅटिन रूपात दिली. ‘टॉर खुद्री’ या आजच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द त्याच परंपरेतला आहे. पुढे १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमस याच्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथामुळे महसीर हा इंग्रज गळकऱ्यांच्या आकर्षणाचा विषय झाला.

महाराष्ट्रात महसीरच्या संरक्षणाची लोकपरंपराही आहे. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहातही मंदिराच्या आश्रयाने मासे सुरक्षित राहिले आहेत. श्रद्धेने राखलेला डोह आणि गळकऱ्यांसाठी राखलेला डोह यांचे हेतू भिन्न असले, तरी मोठे मासे वाचण्याचा परिणाम सारखाच दिसतो.

आधुनिक काळात महाराष्ट्राचे योगदान अधिक ठळक आहे. धरणांमुळे महसीरचे पावसाळ्यातील वरच्या दिशेचे स्थलांतर अडले आणि अंडी घालण्याच्या जागा तुटल्या. या पार्श्वभूमीवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास दख्खनी महसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी करून दाखविले. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या लोणावळ्याजवळील वळवण तलावाच्या काठी मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. तेथे तयार झालेली महसीरची बोटुकली देशातील अनेक नद्यांत व तलावांत सोडण्यात आली. एका नष्टप्राय होऊ पाहणाऱ्या माशाला जीवदान देणारे हे कार्य निःसंशय मोलाचे होते.

कावेरीचा अनुभव :

कावेरी खोऱ्यातील महसीरची ख्याती जुनी आहे. १९४६ मध्ये कबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी गळाने पकडलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर हा विक्रम मानला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात सुरुंगाने व विषाने होणाऱ्या बेकायदा मासेमारीमुळे हा मासा संपल्याची समजूत झाली होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश गळकऱ्यांनी तो अद्याप शिल्लक असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर भीमेश्वरी, दोड्डमकळी व गालिबोर येथे मासेमारी शिबिरे नावारूपास आली. बंगळूर येथील वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या संस्थेनेही नदीच्या काही भागाचे संरक्षण हाती घेतले.

या शिबिरांत गावातीलच माणसे वाटाडे झाली. पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्यांपैकी काहीजण राखणदार बनले. ही माणसे वेताच्या गोल होडीतून पाहुण्यांना खडकाळ डोहांपर्यंत नेत आणि नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा आमिष म्हणून गळाला लावीत. पकडलेला प्रत्येक महसीर सोडून देण्याचा दंडक होता. पाहुण्यांच्या शुल्कातून पहारा चाले. सुरुंग लावणाऱ्यांना नदीवर सतत माणसे असण्याचाच अडसर झाला.

नोंदवहीतून उघड झालेले सत्य :

शिबिरांचा सर्वांत टिकाऊ लाभ मात्र वेगळाच ठरला. गालिबोर येथे पकडलेल्या माशांची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या कालखंडातील या नोंदींचा अभ्यास पिंडर, राघवन व ब्रिटन या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महसीर पकडले गेल्याचे त्यातून दिसले. एकूण संख्या वाढत होती, म्हणजे संरक्षणाचा उपयोग झाला होता. परंतु वाढलेला मासा हा निळसर परांचा महसीर होता. कावेरीचा मूळ, पाठीवर उंचवटा असलेला नारिंगी परांचा महसीर मात्र झपाट्याने घटत होता. जे थोडे मिळत ते आकाराने मोठे व वयस्क होते. लहान मासे जवळजवळ मिळत नव्हते, याचा अर्थ नवी पिढी तयार होत नव्हती.

निळसर परांचा हा महसीर लोणावळ्याच्या बीजातून आलेल्या माशांशी जोडला जातो. बाहेरून सोडलेल्या माशाने मूळ माशाची जागा व्यापली असावी, असे अभ्यासकांचे मत आहे. धरणे, वाळूउपसा व प्रदूषण हीदेखील त्यामागील कारणे होत. विशेष म्हणजे ज्या माशासाठी जगभरचे गळकरी येत होते, त्याची शास्त्रीय ओळखच तोवर निश्चित झालेली नव्हती. २०१८ मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचे स्पष्ट झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ श्रेणीत नोंदविले. एका खोऱ्यातील मासा वाचविण्याचे साधन दुसऱ्या खोऱ्यात नेल्याने तेथील मासा धोक्यात येऊ शकतो, ही बाब दीड दशकाच्या साध्या नोंदवहीमुळे उघड झाली.

कायद्याची बाजू :

ही शिबिरे कावेरी वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिकारीस मनाई आहे. मासा पकडून सोडणे हीदेखील शिकारच, असा अर्थ लावला गेल्याने २०१० नंतर ही मासेमारी टप्प्याटप्प्याने थांबली. प्राण्याला करमणुकीसाठी वेदना देऊ नये हा आक्षेप नैतिकदृष्ट्या गंभीर आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि शिबिरे उठल्याने नदीवरील खासगी पहारा उठला, वाटाड्यांचा रोजगार गेला आणि माशांची नोंद थांबली, हेही तितकेच खरे आहे. बंदीने गळ थांबविता येतो, मात्र सुरुंग थांबविण्यास माणसे लागतात.

अमेरिकेतील रेडफिश : एक तुलना

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील व मेक्सिकोच्या आखातालगतच्या खाजण प्रदेशात रेडफिश या माशाची मार्गदर्शित मासेमारी मोठा व्यवसाय आहे. हा मासा लहानपणी खाजणातील उथळ पाण्यात वाढतो, प्रौढ झाल्यावर खुल्या समुद्राकडे जातो आणि चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्स येथील पॉल प्रुडोम या आचाऱ्याच्या मसालेदार पदार्थामुळे त्याची मागणी एकाएकी वाढली आणि समुद्रातील प्रौढ माशांची बेसुमार पकड झाली. टेक्सास राज्याने १९८१ मध्येच त्याच्या व्यापारी विक्रीस बंदी घालून तो केवळ गळकऱ्यांसाठी राखला होता. पुढे इतर राज्यांनीही निर्बंध आणले.

तेथील प्रमुख साधन म्हणजे आकारमर्यादा होय. ठरावीक लांबीपेक्षा लहान आणि ठरावीक लांबीपेक्षा मोठा, असे दोन्ही मासे सोडावे लागतात; मधल्या आकाराचेच ठेवता येतात. त्यामुळे पिल्ले वाढतात आणि अंडी देणारे मोठे मासे वाचतात. माशांची घट दिसून आल्यावर लुईझियाना राज्याने २०२४ मध्ये ही मर्यादा १८ ते २७ इंच अशी कडक केली. तसेच पाहुण्यांना नेणाऱ्या होडीच्या चालकाने स्वतःच्या वाट्याचे मासे ठेवू नयेत, असाही नियम केला. वाटाड्या हा व्यवस्थेचा रक्षक असला, तरी त्यालाही मर्यादा हवी, हे यातून दिसते.

नांदेड-लातूरच्या संदर्भात :

हा अनुभव आपल्या भागास लागू करताना पहिला प्रश्न पाण्याचा आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले असता त्यातील मासळी व तिच्यावर जगणारी कुटुंबे यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. दरवर्षी मोठ्या माशास जगण्यापुरता खोल पाणीसाठा राखल्याशिवाय वयस्क मासा तयारच होणार नाही आणि वयस्क माशाविना ही मासेमारी संभवत नाही.

दुसरा प्रश्न माशाच्या निवडीचा आहे. आपल्या जलाशयांतील मत्स्यव्यवसाय मुख्यतः कटला, राहू व मृगळ यांच्या बोटुकली-संचयनावर चालतो. पर्यटकांच्या आकर्षणासाठी महसीर आणून विष्णुपुरी किंवा मांजरा जलाशयात सोडावा, ही कल्पना मोहक वाटली, तरी कावेरीच्या अनुभवानंतर ती धोक्याची मानावी लागेल. त्याऐवजी मरळ हा स्थानिक शिकारी मासा विचारात घेता येईल. तो गळाला जोरदार झुंज देतो. पावसाळ्यात अंडी घातल्यावर नर-मादी पिल्लांच्या थव्याची राखण करतात. अशा वेळी पालक मासा पकडला गेल्यास संपूर्ण थवा इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. म्हणून मरळीसाठी पावसाळ्यातील बंदी अनिवार्य ठरेल.

तिसरा प्रश्न नदीच्या अखंडतेचा आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. हा निकाल आंतरराज्य पाणीवाटपाचा आहे. परंतु हाच काळ अनेक माशांच्या प्रजननाचा व वरच्या दिशेच्या स्थलांतराचा असल्याने त्याचा माशांवर होणारा परिणाम अभ्यासण्यास येथे उत्तम संधी आहे. विद्यापीठ व महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांनी भोई समाजातील अनुभवी मच्छीमारांच्या सहभागाने अशी नोंद सुरू करणे शक्य आहे. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र वर उल्लेखिलेली कायदेशीर मर्यादा लक्षात ठेवावी लागेल.

निष्कर्ष :

१. मार्गदर्शित क्रीडा-मासेमारीमुळे जिवंत माशाला स्थानिक मूल्य प्राप्त होते व नदीवर पहारा निर्माण होतो.
२. हे मूल्य संवर्धनास पूरक ठरण्यासाठी स्थानिक जातीचाच आग्रह, मोठ्या माशांचे संरक्षण व प्रजननकाळातील बंदी आवश्यक आहे.
३. दुसऱ्या खोऱ्यातील मत्स्यबीज सोडण्यापूर्वी मूळ माशांची शास्त्रीय ओळख व नोंद होणे अनिवार्य आहे.
४. उत्पन्नाचा लाभ व नोंदीची जबाबदारी ही दोन्ही पारंपरिक मच्छीमारांकडे राहिली पाहिजे. त्यांचा तलाव पर्यटनासाठी काढून घेतल्यास मूळ हेतूच पराभूत होईल.
५. गोदावरी व मांजरा खोऱ्यांत पर्यटनापूर्वी नोंद आणि नोंदीपूर्वी पाणी, हाच क्रम योग्य ठरेल.

कावेरीच्या काठी एका वहीत लिहिलेल्या वजनांनी जे सांगितले, ते मोठमोठ्या योजनांना सांगता आले नव्हते. नांदेडच्या घाटावर जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला कोणता मासा पूर्वी मिळत असे आणि आता मिळत नाही, हे आजही ठाऊक आहे. ते ज्ञान लिहून ठेवण्याचे काम महाविद्यालयांनी वेळीच हाती घ्यावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.