चालत्या गाडीतलं टपाल : आर.एम.एस.च्या सॉर्टरचं काम

1992 साली मला मुंबईच्या एका कंपनीकडून मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत होऊन चार दिवस झाल्यावर आलं. पाकिटावर माझं नाव बरोबर होतं, गावाचं नावही बरोबर होतं, पण त्यापुढे टाइप करणाऱ्याने 'महाराष्ट्र' असं ठोकून दिलेलं. मराठी आडनाव, 'खानापूर' हे मराठी वाटणारं गाव, मग आणखी काय असणार? अर्जात मी जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक आणि पिनकोड सगळं लिहिलं होतं. पाकिटावर त्यातलं काहीच उतरलं नाही. पत्र आधी सांगली जिल्ह्यातल्या खानापूरला गेलं, तिथे कुणीतरी भल्या माणसाने पेन्सिलीने 'बेळगाव जि. पाहा' असं लिहिलं, आणि मग ते आमच्या खानापूरला पोचलं.

मी चिडून ते पाकीट शेजारच्या काकांना दाखवलं. काका आदल्याच वर्षी आर.एम.एस.मधून म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून सॉर्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पाकीट उलटं करून मागचे शिक्के डोळ्यांजवळ नेले आणि एखाद्या डॉक्टरने एक्स-रे वाचावा तसा त्या पत्राचा सगळा प्रवास सांगितला. कुठल्या दिवशी कुठल्या गाडीत चढलं, कुठे उतरलं, कुठे एक रात्र पडून राहिलं. शेवटी म्हणाले, "पिन असता तर हे झालं नसतं. आणि पिन नसतानाच्या काळात असतं तरी झालं नसतं. तेव्हा आम्ही होतो की!"

त्या वेळी मला हे वाक्य म्हणजे नुसती म्हातारपणची बढाई वाटली. इतिहासाच्या नादाला लागल्यावर, पुढे बऱ्याच वर्षांनी, मी वही घेऊन त्यांच्याकडे बसायला लागलो तेव्हा त्याचा अर्थ कळला. आपल्याकडे टपालखात्यावर लिहिणारे पोस्टमनवर लिहितात, टपाल तिकिटांवर लिहितात, हरकाऱ्याच्या भाल्यावर आणि घुंगरांवर तर फारच लिहितात. रात्रभर गाडीत उभं राहून पत्रं लावणारा माणूस कुणाला दिसलेलाच नसतो, म्हणून हा लेख.

पत्रं चालत्या गाडीतच लावायची, म्हणजे गाडी थांबेपर्यंतचा वेळ फुकट जाणार नाही, ही कल्पना भारतात 1860च्या दशकात अलाहाबाद–कानपूर मार्गावर प्रथम अमलात आली. आमच्या भागात सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन 1880च्या दशकात आली आणि पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी ही साखळी तयार झाली. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉकमार्गे गोव्यात मुरगावला जायचा. गाडीला टपालाचा एक डबा, किंवा निदान अर्धा डबा, जोडलेला असे.

आत एका बाजूला भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खण टपालाच्या एका बंडलाएवढा. समोर अरुंद टेबल. दुसऱ्या बाजूला थैल्या अडकवायचे हूक आणि खाली थैल्यांचा ढीग. पाच-सहा जणांचा एक 'सेट', त्यात एक हेड सॉर्टर, एक जण फक्त रजिस्टर पत्रांचा, बाकीचे साध्या टपालाचे, आणि थैल्या उचलायला, बांधायला व्हॅन प्यून. मीटरगेजचा डबा मुळातच अरुंद. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली की तिसऱ्याने आडवं होऊन जायचं. बसून सॉर्टिंग होत नाही, हात वरच्या खणापर्यंत पोचत नाहीत. आणि उभं राहायचं ते हलत्या जमिनीवर. काका म्हणायचे, घरी आलो तरी पहिला तासभर अंगण हलतंय असं वाटायचं. पायांच्या शिरा फुगणं हे या लोकांचं खास दुखणं. काकांच्या पोटऱ्या मी पाहिलेल्या आहेत.

आता कामाचा गाभा. आपल्याला वाटतं, पत्रावर गावाचं नाव आहे, ते त्या गावाच्या खणात टाकलं की झालं. पण खण असतात पन्नास-साठ आणि गावं हजारो. तेव्हा सॉर्टरच्या डोक्यात प्रश्न 'हे पत्र कुठल्या गावचं' हा नसतो. 'आत्ता, या गाडीतून, या दिशेने जाताना हे पत्र कुठल्या थैलीत गेलं म्हणजे सगळ्यात लवकर पोचेल' हा असतो. निपाणीचं उदाहरण घ्या. निपाणीला रेल्वे नाही. तिथलं पत्र कोल्हापूरच्या बाजूने रस्त्याने जाऊ शकतं, चिकोडी रोड स्टेशनवर उतरवता येतं किंवा बेळगावहून उलटं पाठवता येतं. गाडी कुठून येते, किती वाजता येते, तिथून पुढची मोटार किती वाजता सुटते यावर उत्तर बदलतं. म्हणजे पुण्याहून येताना निपाणीचा खण एक आणि हुबळीहून जाताना दुसराच. हे सगळं छापील याद्यांमध्ये असे, पण यादी उघडून बघायला वेळ कुणाला होता? वेळापत्रक बदललं की याद्या बदलत आणि डोक्यातलं सगळं पुसून पुन्हा लिहावं लागे.

मी इंजिनिअर, मला हे ऐकून लगेच आमच्या टेलिफोन एक्स्चेंजची स्विचिंग आठवली. काकांना म्हटलं, "म्हणजे तुम्ही माणसं नव्हता, रूटिंग टेबल होता!" त्यांना ते फारसं आवडलं नाही. "टेबलाला झोप येत नाही बाळ," एवढंच म्हणाले.

नोकरीला लागल्यावर त्यांनी हे पाठ कसं केलं? जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे पत्त्यांएवढे तुकडे केले, प्रत्येकावर एका पोस्टाचं नाव लिहिलं आणि घरी जमिनीवर खडूने खण आखून ते टाकायचा सराव केला. काकू सांगायच्या, नवीन लग्न झालेलं तेव्हा नवरा रात्री अंथरुणात 'शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग' असं पुटपुटायचा. कुणाला वाटेल मंत्र आहे!

वेळेचं गणित आणखी निराळं. गाडी मिरजेहून सुटली की रायबागची थैली रायबागच्या आधी बंद व्हायला हवी, मग चिकोडी रोड, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी. पत्रं खणातून काढायची, गठ्ठा करायचा, सुतळीने बांधायचा, वर चिठ्ठी लावायची, थैलीत घालायची, तोंड आवळायचं, लाख वितळवून सील मारायचं आणि स्टेशनावर दोन-तीन मिनिटांत दारातून देऊन समोरची थैली आत ओढायची. ती आत ओढलेली थैली फोडली की नवीन पत्रं टेबलावर, आणि त्यातली काही पुढच्याच स्टेशनची! पावसाळ्यात खानापूर-लोंढा भागात दार उघडलं की पाणी आत, आणि पत्त्यांची शाई पसरलेली. उन्हाळ्यात इंजिनाची कोळशाची कण घामावर चिकटायची.

त्यातून डब्याच्या बाहेरच्या बाजूला एक पत्रपेटी असायची. ज्यांना पोस्टाची वेळ गाठता आली नाही ते लोक जादा तिकीट लावून, म्हणजे लेट फी भरून, थेट गाडीच्या पेटीत पत्र टाकत. बेळगाव स्टेशनवर रात्री गाडी येण्याच्या वेळी सायकली हाणत येणारे व्यापाऱ्यांचे नोकर, कॅम्पातले सैनिक आणि एखादा घाबराघुबरा कॉलेजकुमार असे ठरलेले लोक असायचे असं काका सांगत.

आपल्या सीमाभागात या कामाला एक जास्तीची पायरी होती, लिपीची. एकाच गठ्ठ्यात इंग्रजी, बाळबोध मराठी आणि कन्नड पत्ते असत. काका 1955 साली लागले तेव्हा काही जुन्या पेढ्यांची पत्रं मोडीत येत होती, आणि सेटमधले एक वयस्कर सॉर्टर ती वाचून देत. काका स्वतः कन्नड वाचायला गाडीतच शिकले, हुबळीच्या एका सहकाऱ्याकडून, त्याच्या बदल्यात त्याला मराठी जोडाक्षरं शिकवून. पुढच्याच वर्षी, 1956 साली, राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि बाहेर जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल काकांची मतं पक्की होती आणि ती इथे लिहिण्याची जागा नाही. पण डब्यात, त्यांच्याच शब्दांत, "पत्र कानडी आहे की मराठी हे बघायला खण नव्हता."

आणि एकाच नावाची दोन गावं! दोन खानापूर तर माझ्याच नशिबी आले. चांगला सॉर्टर पाकीट पाहून अंदाज घ्यायचा. अक्षर कसं आहे, पाठवणारा कुठला, खाली 'मार्गे नंदगड' लिहिलंय का, आडनाव कुठल्या बाजूचं आहे. हे ज्ञान कुठल्याच यादीत नव्हतं.

चूक झाली तर? इथे खात्याची व्यवस्था कडक होती. प्रत्येक गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर तो लावणाऱ्याची खूण आणि तारखेचा शिक्का असे. पुढच्या माणसाला त्यात चुकीचं पत्र सापडलं की त्याची नोंद मागे यायची आणि सही घेऊन खुलासा मागितला जायचा. हजारो पत्रं बरोबर लावल्याची नोंद कुठेही होत नसे. काकांना उभ्या नोकरीत मिळालेल्या अशा चुकांच्या नोंदी त्यांच्या तोंडपाठ होत्या.

हुबळीला पोचल्यावर रेस्ट हाऊस. लोखंडी खाटा, स्टोव्ह, आणि पाळीने भात लावायचा. दिवसा झोपायचं, रात्री परतीची गाडी. सणाला घरी नसणं नेहमीचंच. दिवाळीत तर टपाल दुप्पट व्हायचं, म्हणून सुट्टीचं नावच काढायचं नाही. पगाराचा प्रश्न कायम धुमसत राहिला. जुलै 1960चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप आणि 19 सप्टेंबर 1968चा किमान वेतनासाठीचा एक दिवसाचा संप, या दोन्हींत काका होते. 1968च्या संपात उतरलेल्या अनेकांच्या सेवेत खंड धरला गेला. काकांच्याही. ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा, एरवी कधी चढत नसे.

1971 साली पुणे–मिरज ब्रॉडगेज झाली आणि गेज बदलण्याची जागा पुण्याहून मिरजेला आली. इतिहासात याची नोंद प्रगती म्हणून आहे, ती आहेच. पण मिरजेच्या फलाटावर प्रत्येक थैली एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणं, ती मोजणं, सील तपासणं, हे आता भर मध्यरात्री आलं.

मग 15 ऑगस्ट 1972ला पिनकोड आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार. गावांच्या नावांचा आणि लिप्यांचा गोंधळ मोडायला सहा आकडे पुरतात हे भाषेच्या माणसाला सुचावं याची मला गंमत वाटते. पहिला आकडा विभागाचा, पहिल्या तीन आकड्यांवरून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन त्या पोस्टाचे. आमचं खानापूर 591302, सांगलीकडचं 415ने सुरू होणारं, संपला प्रश्न. कागल 416216 आणि निपाणी 591237. एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरची ही गावं, पण एक चारच्या विभागात, दुसरं पाचच्या. 1956ला नकाशावर ओढलेली रेघ 1972ला आमच्या पत्त्यात आकडा होऊन बसली. माझी आजी शेवटपर्यंत पाकिटावर पिन लिहीत नसे, ते कारण वेगळं. तिला सहा आकडे लक्षात राहत नसत.

काकांना पिन आवडला का, असं मी विचारलं होतं. "आवडला. नवीन पोरगा सहा महिन्यांत तयार व्हायला लागला." थोडं थांबून म्हणाले, "पण मग जुन्या माणसाला कोण विचारतो?" 1980च्या दशकात रात्रीच्या गाडीतलं सॉर्टिंग टप्प्याटप्प्याने बंद झालं, ते काम स्टेशनाजवळच्या ऑफिसांत गेलं आणि गाडीत फक्त बंद थैल्यांची ने-आण उरली. काकांची शेवटची काही वर्षं बेळगावात, न हलणाऱ्या जमिनीवर गेली. त्यांना तिथे म्हणे पाय जास्त दुखायचे.

ते गेल्यावर त्यांच्या मुलाने मला लग्नपत्रिकांच्या तुकड्यांचा तो डबा दिला. कडा झिजून गोल झालेल्या, मागे अर्धवट 'शुभविवाह' आणि पुढे शाईत 'घटप्रभा'. मी ते मोजले नाहीत, रबर काढायचा धीर झाला नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी 1980च्या आधीची पाकिटं किंवा कार्डं असतील तर ती उलटी करून बघा. गोल शिक्क्यात गावाऐवजी इंग्रजी अक्षर आणि आकडा, त्यासोबत 'आर.एम.एस.', आणि 'सेट' हा शब्द आणि त्याचा क्रमांक दिसला, तर ते पत्र चालत्या गाडीत लावलेलं आहे. 'आऊट' असेल तर गाडी मुख्यालयाहून निघालेली, 'इन' असेल तर परतीची. शिक्का बहुतेक वेळा थोडा हललेला, दुहेरी उमटलेला सापडेल. त्याचं स्कॅन मंडळाकडे पाठवा, आणि कृपा करून तिकीट कापून घेऊन पाकीट टाकून देऊ नका.