धामापूर तलाव ‘वर्ल्ड हेरिटेज’ आहे, पण कोणता? इंग्रजी जोडशब्द असे उलगडा

मालवण तालुक्यातला धामापूर तलाव १५३० सालचा. २०२० मध्ये त्याला ‘वर्ल्ड हेरिटेज इरिगेशन स्ट्रक्चर’ असा मान मिळाला. पोस्ट शेअर करताना यातले पहिले दोनच शब्द उरले, की तलाव युनेस्कोच्या यादीत गेला असा समज सहज होतो. तसे झालेले नाही. हा मान आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाचा आहे. घोळ होतो तो जोडशब्द अर्धवट वाचल्यामुळे.

मुख्य शब्द शेवटी

सोलकढी ही कढी आहे, सोल नव्हे. इंग्रजीतही बहुतेक वेळा असेच असते. ‘हाऊसबोट’ म्हणजे राहण्याची बोट. ‘बोटहाऊस’ म्हणजे बोटी ठेवायची जागा. शब्द तेच, क्रम बदलला की वस्तूच बदलते.

नाते आपण ओळखायचे

आंबापोळी ही आंब्याची पोळी, पण देवघर हे देवासाठी घर. मराठीत समासाचा विग्रह करताना हे लपलेले प्रत्यय आपण परत आणतो. इंग्रजीतही तेच करावे लागते. ‘सनलाइट’ म्हणजे सूर्याचा प्रकाश, तर ‘सनस्क्रीन’ म्हणजे उन्हापासून बचाव करणारे मलम.

जोडून की तोडून?

मराठीत सामासिक शब्द साधारणपणे जोडून लिहितात. ‘काळा बाजार’ तोडून लिहिले तर बाजाराचा रंग सांगितल्यासारखे वाटते. ‘काळाबाजार’ म्हणजे बेकायदा व्यापार. इंग्रजीत मात्र तीन पद्धती आहेत: ‘सनलाइट’ जोडून, ‘मदर-इन-लॉ’ आडव्या रेघेने आणि ‘स्विमिंग पूल’ सुटे. त्यामुळे शंका आली की शब्दकोश पाहावा. बोलताना उच्चाराचीही मदत होते. ‘ग्रीनहाऊस’मध्ये जोर ‘ग्रीन’वर पडला तर रोपांचे हरितगृह, ‘हाऊस’वर पडला तर हिरव्या रंगाचे घर.

अपवादही आहेत

‘स्टारफिश’ हा मासा नाही. मराठीतला ‘तारामासा’ही नाही. नाव दिसण्यावरून पडले आहे.

आता धामापूरकडे

‘वर्ल्ड हेरिटेज इरिगेशन स्ट्रक्चर’ शेवटून वाचा. स्ट्रक्चर म्हणजे बांधकाम. कशाचे? इरिगेशनचे, म्हणजे सिंचनाचे. कोणत्या दर्जाचे? जागतिक वारशाचे. युनेस्कोच्या यादीतल्या ठिकाणाला ‘वर्ल्ड हेरिटेज साइट’ म्हणतात. सुरुवात सारखी, शेवट वेगळा. धामापूरचा गौरव आहे तो शेतीला पाणी देणाऱ्या जुन्या बांधकामाचा, आणि नेमकी तीच गोष्ट गाळलेल्या दोन शब्दांत आहे.