अब्बांच्या तबकड्या आणि एक रुपयाचे नाणे

गेल्या रमजान ईदला आमच्या थोरल्याने पहिल्या पगारातून आपल्या दादाजानसाठी एक भेट आणली. ब्रीफकेससारखी उघडणारी लाल पेटी, आत रेकॉर्ड प्लेयर आणि त्यातच बसवलेले दोन इवलेसे स्पीकर. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची, लोखंडी ट्रंक कित्येक वर्षांनी पलंगाखालून बाहेर निघाली. मिरजेत वाढलेल्या शौकिनाकडे असाव्यात तशाच तबकड्या आत होत्या: अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या, बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई, 'मुघल-ए-आझम', अझीझ नाझाँच्या कव्वाल्या आणि आमच्या मरहूम अम्मींच्या लाडक्या बेगम अख्तर. मोजल्या तर 41 भरल्या.

दोन दिवस घरात आनंदीआनंद होता. तिसऱ्या दिवशी बेगम अख्तरांच्या रेकॉर्डवर सुई एका जागी अडखळू लागली. थोरल्याने कुणाकडून तरी ऐकलेला उपाय केला. सुईच्या दांडीवर एक रुपयाचे नाणे चिकटवले. अडखळणे थांबले. आठवडाभराने मात्र आवाज खरखरीत झाला आणि उंच स्वर फाटू लागले. अब्बांनी उठून हळूच सुई उचलली आणि एवढेच म्हणाले, "बेटा, ही वाजवायला ठेवली आहेस की घासायला?"

थोरल्याचा चेहरा उतरला. त्या रात्री आम्ही ठरवले, की थोड्या पैशांत का होईना, पण रीतसर स्टिरिओ उभा करायचा. त्यासाठी जी विचारपूस केली, ज्या चुका केल्या, त्या तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून लिहिते आहे. कुणाच्या ट्रंकेत गझला असतील, कुणाच्या ट्रंकेत नात-शरीफच्या तबकड्या असतील. काळजी दोन्हींची सारखीच घ्यावी लागते.

नेमके काय चुकले?

तबकडीवरच्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर टेकून सुई चालते. सुईचे टोक इतके बारीक असते, की काही ग्रॅमचा भारही तिथे प्रचंड दाब होतो. चांगल्या प्लेयरमध्ये हा भार साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम असतो. पेटीवाल्या स्वस्त प्लेयरची सुई बहुधा पाच ग्रॅमच्या आसपास दाबते. त्यावर आम्ही पावणेचार ग्रॅमचा रुपया चढवला! पलंगाचा पाय मोडला तर सुतार जोडून देतो, पण घासलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

म्हणून आमचा पहिला नियम ठरला: पैसे कमी असतील तर जिथे सुई तबकडीला टेकते तिथे आधी खर्च करायचा. स्पीकर पुढच्या वर्षीही बदलता येतात. अम्मींची रेकॉर्ड बदलता येत नाही.

चार वस्तूंचा संसार

स्टिरिओ म्हणजे मुळात चार वस्तू. तबकडी फिरवणारे टर्नटेबल, त्याचा क्षीण आवाज तयार करून पुढे देणारा फोनो प्रीॲम्प, ताकद देणारा ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर.

यातल्या फोनो प्रीॲम्पची पहिल्यांदा घेणाऱ्याला कल्पनाच नसते. तबकडी कापतानाच जाड स्वर मुद्दाम दबके आणि बारीक स्वर मोठे कोरलेले असतात. तसे केले नाही तर जाड स्वरांच्या खाचा रुंद होऊन तबकडीवर वेळ कमी मावतो, आणि बारीक स्वर खरखरीत बुडतात. 1954 पासून यासाठी एक ठरलेले प्रमाण वापरात आले. प्रीॲम्प तेच उलटे करून स्वर मूळ जागी आणतो आणि आवाज कितीतरी पटींनी वाढवतो. तो नसेल तर गाणे डब्यातून आल्यासारखे किरटे ऐकू येते.

प्रीॲम्प वेगळा मिळतो, टर्नटेबलच्या आतच असतो किंवा जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये 'फोनो' लिहिलेल्या खोबणीमागे असतो. यातला कोणताही एकच वापरायचा. आम्ही पहिल्या संध्याकाळी दोन्ही जोडून बसलो. शहनाई अशी फाटून आली, की स्पीकर गेले असे वाटून मी डोक्याला हात लावला. टर्नटेबलच्या मागचे बटण 'फोनो'कडे सरकवले आणि सगळे जागेवर आले.

हिशेब

घरात धाकटीच्या कॉलेजची फी भरायची होती. फिजूलखर्ची करायची नाही म्हणून 25 हजारांची मर्यादा घातली. नवे टर्नटेबल 14,500 रुपयांना घेतले. घेताना तीन गोष्टी पाहिल्या: कार्ट्रिज चुंबकी आहे का, सुई वेगळी काढून बदलता येते का आणि दांडीचा भार कंपनीने सांगितल्याप्रमाणे लावलेला आहे का. चमकणारे दिवे, ब्लूटूथ यांकडे पाहिलेच नाही.

बाकीचे सगळे जुने घेतले. भारतीय बनावटीचा ॲम्प्लिफायर 4,200, त्याची दुरुस्ती 900, स्पीकरची जोडी 3,500, तारा आणि ब्रश 650. एकूण 23,750 झाले. उरलेले 1,250 पुढच्या सुईसाठी डब्यात ठेवले. साधी सुई 300 ते 500 तास चालते. रोज एक तास ऐकले तर वर्षभराने तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. गावोगावी भाव वेगळे पडतील, पण निम्म्याहून अधिक रक्कम टर्नटेबलवर, ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जुना माल घेताना

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्या आणि यंत्रे मिळतात. भाऊजानना सोबत नेले होते. दुकानात लाजायचे नाही, वस्तू लावूनच पाहायची. ॲम्प्लिफायरची प्रत्येक कळ फिरवून पाहावी. फिरवताना कडकड झाली तर बहुतेक वेळा आत नुसती धूळ असते आणि मेकॅनिक ती साफ करून देतो. पण एका बाजूचा आवाज मुळीच येत नसेल तर मोह आवरावा. स्पीकरची जाळी काढून कडेचा फोम बोटाने हलकेच दाबावा. तो भुगा होत असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम ॲम्प्लिफायरला चालतात का, तेही पाहावे. शंका असेल तर 8 ओहमचे घ्यावेत.

परदेशातून आलेल्या जुन्या टर्नटेबलपासून सावध राहा. अमेरिकेतली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. ट्रान्स्फॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. बऱ्याच जुन्या मोटारी हर्ट्झवर चालतात. मग मिनिटाला 33 फेऱ्यांऐवजी जेमतेम 28 होतात आणि गाणारा झोपेत गातो आहे असे वाटते.

मांडणी

टर्नटेबल आणि स्पीकर एका टेबलावर ठेवू नयेत. स्पीकरचा हादरा सुईला पोहोचतो आणि घुमणारा आवाज सुरू होतो. आम्ही टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर ठेवले. शेजारच्या गवंडीकाकांकडून पाणसळ आणून ते चारही बाजूंनी सपाट केले. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांत सारखे अंतर ठेवले, स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणले. टर्नटेबलला आकडा असलेली एक बारीक तार असेल तर ती ॲम्प्लिफायरच्या 'ग्राउंड' स्क्रूला बांधायची. नाहीतर अखंड हुंऽऽ ऐकू येत राहते.

तबकड्यांची निगा

तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. एकीवर एक रचल्या की वाकतात. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. दर वेळी वाजवण्याआधी मऊ ब्रश फिरवावा. फारच मळली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून, मधला कागद कोरडा ठेवून धुवावी, नुसत्या त्याच पाण्याने पुन्हा पुसून सावलीत वाळवावी.

78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची गोष्ट निराळी. त्या लाखेच्या असतात, बांगड्यांची असते तीच लाख. स्पिरिट लावले तर ती विरघळते. शिवाय त्यांची खाच रुंद, त्यामुळे सुईही चौपट रुंद टोकाची लागते. आजच्या बऱ्याच टर्नटेबलांना तो वेगही नसतो. म्हणून खाँसाहेबांच्या 12 तबकड्या आम्ही जाड कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यांची पाळी नंतर येईल. अब्बांनीच सांगितले, "घाई केल्याने काय होते ते पाहिलेच आहे."

आता असरनंतर अब्बांची खुर्ची दोन स्पीकरसमोर लागते. मगरिबची अजान होण्याआधी थोरला स्वतः सुई उचलतो. बेगम अख्तरांची रेकॉर्ड पुन्हा बरीच गोड वाजते आहे, पण त्या एका जागी दर फेरीला टक्, टक् असा आवाज येतोच. तो जाणार नाही. पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा थोरला मान खाली घालून बसला होता. अब्बांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "ऐक, तुझा रुपया वाजतोय."