विमानांच्या क्रोम मुलाम्याला सुरक्षित पर्याय

विमान धावपट्टीवर उतरताना त्याचा भार लँडिंग गिअरच्या पोलादी दांड्यांवर पडतो. त्यांची झीज रोखण्यासाठी कठीण क्रोमचा मुलामा देण्याची पद्धत अनेक दशके रूढ आहे. तयार मुलामा निरुपद्रवी असला, तरी तो चढविताना टाकीतून षट्संयुजी क्रोमियमचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. त्यातून कामगारांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणूनच अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेतील त्याची कमाल मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

यावरील प्रमुख पर्याय म्हणजे ‘एचव्हीओएफ’ फवारणी. ऑक्सिजन व इंधनाच्या ज्वलनातून निघणाऱ्या स्वनातीत झोतात टंगस्टन कार्बाइड व कोबाल्टची भुकटी सोडली जाते. कण वेगाने आदळून पृष्ठभागावर घट्ट थर बसतो. तो क्रोमपेक्षा अधिक झीजरोधक असतो. शिवाय विद्युत विलेपनात हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होण्याची जी भीती असते, ती येथे टळते.

मात्र झोत सरळ रेषेतच जात असल्याने अरुंद नळ्यांच्या आतील भागापर्यंत तो पोहोचत नाही. कोबाल्टची धूळही घातक असल्याने फवारणी बंदिस्त कक्षातच करावी लागते. त्यामुळे क्रोमच्या टाक्या कमी झाल्या असल्या, तरी त्या अद्याप हद्दपार झालेल्या नाहीत.