काळ्या पावाचा मान

पोलंडमधल्या जुन्या वसाहतींत कचराकुंड्यांपाशी एक गोष्ट हमखास दिसते. कुंडीच्या कडेला किंवा शेजारच्या कुंपणाला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असते आणि आत शिळ्या, वाळक्या पावाचे तुकडे. ते कुंडीत टाकायला कुणाचा हात धजत नाही. कुणी कोंबड्यांसाठी नेईल, सशांसाठी नेईल, नाहीतर पाखरं खातील. पण पाव कचऱ्यात जाता कामा नये. पिशवी टांगणारा माणूस दर रविवारी चर्चमध्ये जाणारा असेलच असं नाही. लहानपणी आजीने खाली पडलेला तुकडा उचलून त्याचा मुका घ्यायला लावलेला असतो, तेवढं पुरतं.

पोलिश माणसाच्या या पावभक्तीचं श्रेय बहुतेकदा त्याच्या कॅथलिक श्रद्धेला दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. प्रार्थनेत रोजची भाकर मागणारे देश युरोपात पुष्कळ आहेत. सगळीकडे काही अशा पिशव्या टांगलेल्या नसतात. उरलेलं अर्धं कारण देवळात सापडत नाही. ते जमिनीत आहे.

पोलंडची बरीचशी जमीन वाळूमिश्रित, आम्लधर्मी आणि हलकी. हिवाळा कडक. अशा जमिनीत गहू कुरकुरतो आणि राय तग धरते. (ही राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. गव्हाच्या गणगोतातलं, लांबुडक्या करड्या दाण्याचं हे धान्य आहे.) आजही राय पिकवण्यात जर्मनी आणि पोलंड जगात आघाडीवर आहेत. गव्हाचा पांढरा पाव शतकानुशतकं वाड्यांतला आणि सणावारातला. खेड्यातल्या घराचा पाव रायचा, काळपट, जड आणि आंबट.

हा आंबटपणा हौसेचा नव्हे. गव्हाचं पीठ मळलं की त्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी तयार होते आणि आतला वायू त्या जाळीत अडकून पाव फुगतो. रायच्या पिठात तशी जाळी धरत नाही. पाण्याने फुगणाऱ्या डिंकासारख्या पदार्थांवर तिथे सगळी भिस्त असते. त्यात आणखी एक खोड म्हणजे पाव भट्टीत तापत असतानाच पिठातली विकरं त्यातल्या स्टार्चचे तुकडे पाडू लागतात आणि पाव आतून गिच्च, चिकट राहतो. आम्ल असलं की ही विकरं थंडावतात. म्हणून पीठ आंबवल्याशिवाय रायचा पाव धड होतच नाही. नुसतं यीस्ट टाकून भागत नाही. आंबवलेल्या पिठाला तिथे ‘झाक्वास’ म्हणतात. असंच रायचं पीठ पाण्यात पातळ आंबवून त्याचं ‘झुरेक’ नावाचं आंबट सार करतात. ईस्टरला ते उकडलेलं अंडं आणि पांढऱ्या सॉसेजसह खातात.

खेड्यातल्या घरात हे सगळं ज्या भांड्याभोवती फिरायचं, त्याचं नाव ‘जेझा’. लाकडी फळ्या उभ्या जोडून, कड्या आवळून केलेली झाकणाची कोठी. जेझा कधी पाण्याने घासूनपुसून धुवायची नाही, नुसती खरवडायची. फळ्यांच्या सांध्यांत मागच्या खेपेचं पीठ वाळून राहिलेलं असायचं, आणि विरजण जसं आदल्या दह्यातून पुढच्या दह्यात जातं तसं ते पुढच्या पावात जायचं. पाव रोज भाजत नसत. आठवड्यातून एकदा, कधी पंधरवड्यातून. आदल्या संध्याकाळी कोमट पाणी आणि थोडं पीठ घालून जेझा पांघरुणात गुंडाळून उबेला ठेवायची. सकाळी झाकण काढलं की आंबूस वास आणि वर बुडबुडे. मग उरलेलं पीठ, मीठ, आणि कोपरापर्यंत हात घालून मळणं. रायचं पीठ हाताला इतकं चिकटतं की मळणारीचं निम्मं काम हात सोडवण्याचंच असतं.

तिकडे भट्टीत लाकडं जळून निखारे व्हायचे. ते ओढून काढायचे, ओल्या झाडूने तळ झाडायचा आणि चिमूटभर पीठ आत टाकून बघायचं. लगेच काळं पडलं तर भट्टी जहाल आहे, थांबायचं. हळूहळू तांबूस झालं तर पाव आत. पाव लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर ठेवताना खाली पानं घालत. कोबीची, हॉर्सरॅडिशची, आणि काही भागांत वेखंडाची! आपल्याकडे बाळगुटीतून वेखंडाचं मूळ उगाळून देतात; तिकडे त्याच वनस्पतीच्या लांब पानांची नक्षी पावाच्या बुडाशी उमटलेली असते. त्याआधीच, भट्टीत ज्वाळा असतानाच, जेझेत खरवडून उरलेल्या पिठाची चपटी पोळी ज्वाळेजवळ भाजून घ्यायची. ही ‘पोदप्वोमिक’ मुलांच्या वाट्याची. भट्टीतून बाहेर आलेल्या पावाच्या बुडावर टिचकी मारायची. पोकळ आवाज आला तर तो झाला.

ही जेझा शेजाऱ्याला उसनी देत नसत. लग्नात वधूची वेणी सोडून डोक्यावर विवाहितेची टोपी चढवण्याचा विधी असे, तेव्हा अनेक भागांत तिला पालथ्या जेझेवर बसवत. भांड्याला एवढा मान, तर पावाला किती! नवा पाव कापण्याआधी सुरीच्या टोकाने त्याच्या बुडावर क्रूस काढायचा. पाच फेब्रुवारीला, संत आगाथेच्या दिवशी, चर्चमधून मंतरून आणलेला पाव आगीपासून घर राखतो असं मानायचं. सुगी संपली की ‘दोझिंकी’चा सण, त्यात नव्या धान्याचा पाव यजमानाच्या हाती द्यायचा आणि त्याने तो कापून सगळ्यांना वाटायचा. १९२७ साली राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की यांनी स्पावा इथे हा सण सरकारी इतमामाने सुरू केला, आणि तेव्हापासून त्याच्यावर राजकारणाची सावलीही आहे. पुढे कम्युनिस्ट राजवटीलाही हा पाव स्वीकारताना फोटो काढून घेणं आवडलं.

आज सगळ्यांत जास्त दिसतो तो लग्नाच्या दारातला पाव. चर्चमधून आलेल्या जोडप्याला आईवडील पाव आणि मीठ देऊन आत घेतात. तिथे वधूला विचारतात, पाव हवा, मीठ हवं की नवरा? तिने म्हणायचं, पाव, मीठ आणि नवराही, म्हणजे तो पावापुरतं कमावून आणील. आता हे हॉटेलच्या दारात होतं आणि पाव बेकरीतून नक्षी करून येतो. थोडं नाटकीच वाटतं, पण त्या उत्तरातला रोखठोकपणा अजून शाबूत आहे.

त्या रोखठोकपणामागे भूक आहे. मागचं धान्य संपलेलं आणि नवं पीक अजून हिरवं, या दिवसांना पोलिश शेतकऱ्याने खास नाव दिलं: ‘पशेदनूवेक’. या दिवसांत पिठात काय काय मिसळलं जाई त्याची यादी वाचवत नाही: गवताची मुळं, चाकवताच्या जातीचं तण, ओकची फळं, झाडाची साल. सुगीच्या पहिल्या पावासमोर टोपी काढणारा माणूस या दिवसांतून आलेला होता. विसावं शतकही वेगळं गेलं नाही. २८ जून १९५६ रोजी पोझनानचे कामगार रस्त्यावर उतरले ते ‘पाव आणि स्वातंत्र्य’ मागत. सैन्याच्या गोळीबारात पन्नासहून अधिक माणसं गेली.

याच शतकातला एक धागा कोल्हापूरपर्यंत येतो. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडे आणि कझाकस्तानात हाकलली. तिथे पाव वजन करून मिळे आणि वाटा कामावर ठरे. त्यातून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. छावणी १९४८ पर्यंत होती. कोल्हापुरात त्यांची आठवण जपली जाते ती आसरा दिल्याबद्दल, आणि ते योग्यच आहे. पण ती माणसं इथे उतरली तेव्हा पाव ग्रॅममध्ये मोजायला शिकून आली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

पोलंडमधला सगळ्यांत भारदस्त पाव मात्र भुकेचा नव्हे, बिशपच्या पंगतीचा. १४२१ साली क्राकूवच्या बिशपने आपल्या आचाऱ्याला शहराजवळच्या प्रोंदनिक गावी जमीन दिली, आणि बदल्यात त्याने बिशपच्या टेबलासाठी पाव भाजायचा असं ठरलं. प्रोंदनिकचा पाव तेव्हापासून नावाजला. रायचं पीठ, थोडं गव्हाचं, उकडलेला बटाटा, आंबवण, आणि वरून रायच्या कोंड्याचं पातळ अस्तर. (बटाटा अर्थातच पुढच्या काळातली भर, १४२१ मध्ये तो युरोपला ठाऊकही नव्हता.) बटाट्यामुळे ओल टिकते आणि जाड कवचामुळे ती आतच राहते, म्हणून तो दिवसेंदिवस ताजा लागतो. २०११ पासून या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. क्राकूवचाच ‘ओब्वाझानेक’, म्हणजे आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेलं पीळदार कडं, त्याच्या एक वर्ष आधी या यादीत गेला. राणी याद्विगाच्या १३९४ च्या खर्चवहीत त्याची नोंद आहे. पर्यटक त्याचेच फोटो काढतात. जेवायला बसल्यावर कामाचा तो प्रोंदनिकचा पाव.

बाकी देशभर चित्र फारसं उत्साहाचं नाही. लोक पूर्वीपेक्षा पाव कमी खातात, रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत, आणि सुपरमार्केटात गोठवलेलं पीठ तिथल्या तिथे भाजून ‘ताजा पाव’ म्हणून विकतात. माल्ट घालून काळा केलेला गव्हाचा पाव रायचा समजून घेणारेही कमी नाहीत. जाणकार आधी पिठाचा आकडा विचारतात. पोलिश पिठावर ७२०, १४००, २००० असे आकडे असतात. शंभर किलो पीठ जाळलं तर किती ग्रॅम राख उरेल ते हा आकडा सांगतो. राख जास्त म्हणजे कोंडा जास्त. २००० म्हणजे अख्खा दाणा दळलेला. शहरांत तरुण बेकऱ्यांनी झाक्वासचे पाव पुन्हा आणले आहेत, पण त्यांची किंमत पाहता तो गरिबाचा पाव राहिलेला नाही.

प्रोंदनिकचा पाव संरक्षित नोंदीप्रमाणे दोनच वजनांत भाजतात, साडेचार किलो आणि चौदा किलो. चौदा किलोचा अख्खा पाव आता कुठलं घर नेणार? तो दुकानात कापून, वजनावर विकला जातो. बहुतेक गिऱ्हाइकं चतकोर तुकडा मागतात, आणि तो मशीनवर कापूनही हवा असतो.