रुग्णालयांतील बाग कोणासाठीं?

घरांतील एखादें माणूस दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळलें, म्हणजे त्याचें औषधपाणी, पथ्य व शुश्रूषा यांत घरचीं मंडळी सहसा कसूर करीत नाहींत. परंतु पडल्यापडल्या त्याच्या दृष्टीस काय पडतें, याचा विचार क्वचितच होतो. वारा बाधेल म्हणून खिडकी लावून घ्यावयाची, आणि मग रोगी चिडखोर झाला म्हणून आपणच कुरकुरावयाचें, हा प्रकार बहुतेक घरांनीं अनुभवला असेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें शुश्रूषेवरील आपल्या १८५९ सालच्या ग्रंथांत नेमकें याच गोष्टीवर बोट ठेविलें होतें. तापानें पडलेल्या माणसास खिडकीबाहेरचें कांहींच दिसूं नये, याचे हाल तिनें पाहिले होते व स्वतः सोसलेहि होते. कोणीं पाठविलेल्या रानफुलांच्या गुच्छापासून आपली प्रकृति झपाट्यानें सुधारूं लागली, अशी आठवण तिनें नमूद केली आहे.

या अनुभवास मोजमापाची जोड मिळावयास सव्वाशें वर्षें लागलीं. रॉजर अल्रिच यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील एका रुग्णालयाचीं १९७२ ते १९८१ या काळांतील टिपणें तपासलीं. पित्ताशय काढून टाकलेल्या रोग्यांपैकीं कांहींच्या खिडकींतून झाडें दिसत, तर कांहींच्या खिडकींतून विटांची तपकिरी भिंत. वय, लिंग इत्यादि बाबतींत सारख्या अशा रोग्यांच्या २३ जोड्या त्यांनीं लाविल्या, आणि झाडांना पानें असतात तेवढेच महिने हिशेबांत धरले. झाडें पाहणारे रोगी शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनीं घरीं गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांनीं. शिवाय झाडें पाहणारांस जालीम वेदनाशामकें कमी लागलीं. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा पुष्कळ बोलबाला झाला. ४६ रोगी ही संख्या लहान आहे, व एवढ्यावरून वृक्षदर्शनास औषधाच्या पंक्तीस बसविणें आम्हांस पटत नाहीं. तरी भिंतीपेक्षां झाड बरें, एवढें मानावयास हरकत नसावी.

पण खिडकींतून पाहणें निराळें आणि बागेंत जाणें निराळें. इंग्लंडच्या दक्षिण भागांत सॉल्झबरी येथील रुग्णालयांत पाठीच्या कण्यास इजा झालेल्या रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. असे रोगी तेथें महिनेच्या महिने असतात. तेथील एका शल्यवैद्याचा मुलगा, होरेशियो चॅपल, शाळेच्या सुट्टींत त्या विभागांत स्वयंसेवक म्हणून जात असे. या लोकांना घटकाभर बसावयास उघड्यावर धड जागा नाहीं, हें त्याच्या ध्यानांत आलें. परंतु त्यांना काय हवें हें आपणच ठरवून तो मोकळा झाला नाहीं. त्यानें प्रश्नावली तयार करून रोग्यांनाच विचारलें. वार्डापासून दूर अशी एखादी सुंदर जागा हवी, असें उत्तर आलें. पुढें डॉक्टर व्हावें, ही त्याची इच्छा होती. ऑगस्ट २०११ मध्यें उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर सफरीस गेला असतां, वयाच्या १७ व्या वर्षीं, पांढऱ्या अस्वलाच्या हल्ल्यांत त्याचा अंत झाला. त्याच्या स्मरणार्थ आलेल्या देणग्यांतून ती बाग उभी राहिली, आणि २०१२ सालीं रोग्यांस खुली झाली. आईबापांनीं आपल्या पुत्रशोकास दिलेलें हें वळण पाहून लेखणी क्षणभर थबकते.

क्लीव्ह वेस्ट यांनीं आंखलेल्या या बागेंत रोग्याची खाटच चाकांवरून आंत नेतां येते. अशा रोग्यास वाटेंतला लहानसा हिसकाहि असह्य होतो, म्हणून वाटा गुळगुळीत ठेविल्या आहेत. उताण्या निजलेल्यास जमिनीवरचे ताटवे दिसत नाहींत. त्याच्यासाठीं सफरचंदाच्या झाडांची कमान आहे. चुनखडीच्या दगडांच्या ठेंगण्या भिंतींस मणक्यांच्या माळेसारखा बांक दिला आहे. हें मात्र पाहुण्यांच्या कौतुकासाठीं, असें आमचें मत. मानेजवळ इजा झालेल्याच्या शरीरास नीट घाम येत नाहीं व ऊनथंडी सोसत नाहीं, त्यामुळें सावली व आडोसा हे अशा बागेंत शोभेचे नसून निकडीचे होत. याच धर्तीच्या बागा पुढें ग्लासगो येथें २०१६ सालीं व स्टोक मँडेव्हिल येथें २०१८ सालीं झाल्या.

आमचे एक वृद्ध आप्त मांडीचें हाड मोडल्यामुळें आपल्याकडील एका मोठ्या रुग्णालयांत सहा आठवडे होते. खालीं बाग होती, कारंजें होतें, फुलें तोडूं नयेत अशी पाटी होती. आणि बागेंत उतरावयास चार पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीस १ फूट उंचीमागें १२ फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे तेथें सुमारें २४ फुटांचें काम. खर्च कांहीं फार नव्हता. बाग करतेवेळीं तिच्यांत कोण येणार, हा प्रश्नच कोणास पडला नसावा.

तो पडला असता तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुचल्या असत्या. खुर्चीवरून हात पोंचेल अशा उंच वाफ्यांत तुळस, मरवा, गवती चहा लावावा. पान चुरगळून वास घेण्यास कोणाची मनाई नसावी. कण्हेर विषारी, ती नको. रातराणीच्या उग्र वासानें कित्येकांचें डोकें उठतें. कर्करोगाच्या उपचारांनीं ज्यांची प्रतिकारशक्ति खालावली आहे, त्यांस मातींतील बुरशीपासून अपाय होऊं शकतो. त्यांच्यासाठीं झाडें कांचेपलीकडेच बरीं. आणि आपल्या हवेंत सांचलेलें पाणी म्हणजे डांसांचें माहेरघर, हें कारंज्याच्या हौशी मंडळींनीं विसरूं नये.

आमचे आप्त घरीं आले त्या दिवशीं त्यांनीं आपली खाट ओटीवर, अंगणांतील पारिजातकाकडे तोंड करून मांडावयास सांगितली. घरच्यांनीं वाऱ्याची सबब सांगून पाहिली. ती चालली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गेलों, तेव्हां नातीनें वेंचलेलीं फुलें त्यांच्या उशाशीं होतीं, आणि पलीकडच्या फांदीखालचीं अजून राहिलीं आहेत, असें ते तिला बोटानें दाखवीत होते.